आक्काचा गुडघा

नागप्पानं मयत बसवायचं सोडलं, त्याला यंदाच्या वैशाखात तीन वर्षं झाली. त्याआधीची चाळीस वर्षं पाथरीत आणि आसपासच्या खेड्यांत लिंगायताच्या घरात कुणी वारलं, की पहिला निरोप स्वामींना जायचा आणि दुसरा नागप्पाच्या किराणा दुकानात. लिंगायताचा माणूस आडवा जात नाही. मांडी घालून, कपाळभर भस्म लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन तो बसल्या बसल्या मातीत जातो. सांगायला सोपं आहे. मेलेल्या माणसाची मांडी एकदा घालून बघा, म्हणजे कळेल.

आधी जबडा धरतो, मग मान, मग खांदे, आणि दिवस कलेपर्यंत माणूस डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत फळीसारखा होतो. सोयरे उशिरा येतात, स्वामी घड्याळ बघतात आणि पाय काही वळत नाही. मग घरातले चार धट्टेकट्टे त्या पायावर जोर करायला लागतात. नागप्पाला या जोरवाल्यांचा भयंकर राग. "लाकूड फोडायलाव का रे? सरका बाजूला," म्हणून हाकलूनच द्यायचा. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मांडीवर टाकायचा आणि जांघेपासून गुडघ्याकडं अंगठ्यांनी चोळत यायचा. अर्धा तास, कधी तास. चोळता चोळता मयताशी बोलायचाही. "बसा मालक, निवांत बसा. आता कुठं जायचंय घाईनं." लोक तोंडाला उपरणं लावून हसायचे, पण पाय वळायचा. चाळीस वर्षांत त्यानं कुणाचं हाड मोडलं नाही.

आणि मग आक्का गेली.

महादेवी, नागप्पाची थोरली बहीण, पेडगावात एकटी राहायची. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, लेकरूबाळ नव्हतं. नागप्पानं पाथरीला ये म्हणून हजारदा सांगितलं. ती ऐकून घ्यायची, "हूं" म्हणायची आणि आपल्याच घरी राहायची. तिचं ते "हूं" म्हणजे घशातल्या घशात, ना हो ना नाही. वर्षातून एकदा मात्र नेमानं यायची, अक्षय्य तृतीयेला, बसवेश्वरांच्या जयंतीची मिरवणूक बघायला. त्या वर्षीही सकाळच्या जीपनं येते म्हणाली आणि आलीच नाही.

नागप्पा रुसला. पासष्टी उलटलेला माणूस, पण रुसला म्हणजे रुसला. तिच्या शेजारच्या सरजाबाईनं कुरडयांना थांबवून घेतलं असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. "येती म्हनायचं अन् यायचं न्हाई. आता करू दे तिलाच फोन," असं म्हणून तो आमरस-पोळी जेवला आणि पालथा पडून झोपला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला फोन आला, तो सरजाबाईचा. "आक्का गेली, अप्पा. आज पहाटं. माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. दोन घोट पानी पाजलं मी."

नागप्पा एकच्या ठोक्याला पेडगावात पोचला. घरात ऊद इतका जळत होता की डोळे उघडवेनात. सरजाबाई बौद्धवाड्यातली, आक्काची भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. कोण काय म्हणेल याची पर्वा न करता तिनंच आक्काला न्हाऊ घालून लुगडं नेसवलं होतं आणि तोंडाला जाड भस्म थापलं होतं. "लवकर करा अप्पा, ऊन लय हाय," ती सारखी म्हणत होती. नागप्पानं मनात हिशेब केला. पहाटेपासून आठ तास झाले, त्यात हा उन्हाळा, म्हणजे पाय लोखंड झालेला असणार. त्यानं गरम पाणी मागवलं आणि आक्काच्या गुडघ्यावर हात ठेवला.

गुडघा वळला. चोळायचं कामच पडलं नाही. झोपलेल्या लेकराचा पाय जसा हाताबरोबर येतो तसा आला, आणि मागोमाग दुसराही आला. मान त्याच्या खांद्यावर कलली. जमलेले लोक म्हणाले, पुण्यवान बाई, देहानंसुद्धा त्रास दिला नाही. नागप्पानं पाठीमागून हात घालून तिला उठवली आणि सवयीनं म्हणाला, "बस गं आक्का."

"हूं," आक्का म्हणाली.

बायका मोठ्यानं रडत होत्या. कुणाच्या कानावर गेलं नाही. नागप्पाचे हात जागच्या जागी थांबले. स्वामींनी विचारलं, "काय झालं?"

"काही न्हाई," तो म्हणाला.

तासाभरानं आक्का नवऱ्याच्या शेजारी मातीत बसली होती आणि वर मीठ, बेलाची पानं आणि चार पाट्या जास्तीची माती पडली होती. तिसऱ्या दिवशी दूध वाहायला गेल्यावर नागप्पा त्या मातीवर पालथा पडला आणि त्यानं कान लावला. लोकांना वाटलं, बहिणीवर फार जीव होता. जीव होताच, पण तो ऐकत होता.

तेव्हापासून नागप्पाचे अंगठे गेले, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. निरोप आला की दोन्ही हात वर करायचा. घरातल्यांना मात्र वेगळंच काही दिसत होतं. दुपारी डोळा लागलेला मल्लेश, त्याचा मुलगा, दचकून उठायचा तर बाप पायाशी बसलेला आणि मल्लेशचा गुडघा हळूहळू दुमडून बघत असलेला. "अप्पा, काय करायलाव?" म्हणून विचारलं की नागप्पा उठून दुकानात जाऊन बसायचा. स्वतः तो मांडी घालून बसेनासा झाला होता. जेवायलासुद्धा खुर्ची लागायची. मांडी घातली की त्याला खालून गार माती लागल्यासारखी वाटायची.

यंदा चैत्रात मल्लेशची मुलगी ऋतुजा सुट्टीला आली. ती नांदेडला फिजिओथेरपी शिकते, तिसरं वर्ष. दुपारची वेळ होती. नागप्पा बाजेवर पडला होता आणि एकाएकी त्याच्या पोटरीत गोळा आला. असा की तोंडातून शब्द फुटेना. ऋतुजा धावली. नागप्पाला वाटलं आता ही चोळणार. पण तिनं हातसुद्धा लावला नाही.

"अप्पा, पंजा वर ओढा. तुमचा तुमी, नडगीकडं. जोरात."

त्यानं दात खाऊन ओढला, आणि गोळा विरघळून गेला.

"हे कसं काय केलंस?" नागप्पानं घाम पुसत विचारलं.

शिकलेलं सांगायची हौस कुणाला नसते? ऋतुजा बाजेवर बसली आणि तिनं आपला दंड पुढं केला. "हे बघा. स्नायूला फक्त ओढता येतंय, ढकलता येत न्हाई. म्हणून त्यांच्या जोड्या असतात. हात वाकवताना पुढचा ओढतो, मागचा सोडतो. सरळ करताना मागचा ओढतो, पुढचा सोडतो. तुमी नडगीवरचा स्नायू कामाला लावला, तसं पोटरीला सोडावंच लागलं."

"सोडतो म्हंजे, दमून सुटतो?"

"उलटं हाय, अप्पा. सोडायलाबी ताकद लागते. आत बारीक बारीक धागे असतात. आडातनं पोहरा ओढताना आपण एक हात सोडतो, पुढं धरतो, पुन्हा सोडतो, तसं ते धागे एकमेकाला ओढतात. दर वेळी सोडायला इंधन लागतं. ते अन्नातून आन् श्वासातून येतं. श्वास थांबला की इंधन संपलं. मग धरलेला हात धरलेलाच राहतो."

नागप्पा उठून बसला. चाळीस वर्षं ज्याच्याशी अंगठ्यांनी झुंजला, ते काय होतं हे त्याला आज नातीनं बाजेवर बसून सांगितलं होतं. ते सगळे मेलेले, दोर धरून बसलेले.

"ऋतुजा, आठ तासांत मेलेला माणूस मऊ असतोय का?"

"न्हाई. उन्हाळ्यात तर तेव्हा पुरता ताठ असतो."

नागप्पानं डोळे मिटले. तीन वर्षं जे स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं, ते त्या मिटल्या डोळ्यांनीच त्यानं नातीला सांगितलं. गुडघा सांगितला, खांद्यावर कललेली मान सांगितली आणि ते "हूं" सांगितलं. "मी जित्ती बहीन पुरली, लेकी," तो म्हणाला. "ती मला हो म्हनली, अन् मी तिच्यावर माती लोटली."

ऋतुजानं त्याचा हात धरला. "अप्पा, ऐका. ताठपणा कायमचा न्हाई राहत. पुढं ते धागेच सडायला लागतात, मग पकड आपोआप सुटते. एरवी दीड-दोन दिवस लागतात. आपल्याकडच्या उन्हात एका दिवसातबी होतं."

"मी कधी बघितलं न्हाई असं."

"तुमी कसं बघणार? आपल्यात त्याच दिवशी माती देतात."

खरंच होतं. त्याच्या हाताखालची सगळी मयतं त्याच दिवसाची. लांबून बर्फाच्या पेटीत आलेली दोन-चार, ती तर दगडासारखी.

"आन् ते हूं?"

"छातीत हवा राहिलेली असते. उठवून बसवताना पोट दाबलं की ती घशातून बाहेर पडते. आवाज होतो." ऋतुजा घुटमळली. "म्हणजे दोनच गोष्टी होऊ शकतात, अप्पा. एक तर तुमी म्हणता तसं. न्हाई तर आज्जी त्या पहाटे गेलीच नव्हती. आदल्या दिवशीच गेली होती." हे बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली, पण तोंडातून गेलेलं परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागप्पा कुणाला न सांगता एसटीनं निघाला आणि पुढं जीपनं पेडगावात उतरला. आक्काच्या दाराला कुलूप होतं. सरजाबाई आपल्या अंगणात लुगड्याच्या धडप्यावर कुरडया घालत होती.

"जयभीम, सरजाबाई."

"शरणार्थ, अप्पा," तिनं लिंगायतांच्या रीतीनं नमस्कार केला. "असं अवचित?" ती हात धुवायला उठली.

"बसा. एकच इचारायला आलोय. आक्का कवा गेली?"

"आता तीन वर्सांनी काय हे? पहाटं गेली. सांगितलं न्हवं का मी?"

"तिचा गुडघा मऊ होता," नागप्पा म्हणाला. उन्हातच उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. मल्लेशचे गुडघे आणि मातीला लावलेला कानही सांगितला. "तुमी खरं बोलत असाल सरजाबाई, तर मी जित्ती पुरली तिला. म्हनून म्हनतो, खोटं बोलला असाल तर तेवढं सांगा. मी पाया पडतो तुमच्या."

सरजाबाईनं तोंडावर हात घेतला. ओल्या पिठाचे डाग गालाला लागले. "अगं माय," ती म्हणाली, "हे काय करून बसले मी."

मग ती बोलत गेली. सणाच्या आदल्या सांजेला आक्कानं पिशवी भरून ठेवली होती. सकाळी दार बंद दिसलं. सरजाबाईला वाटलं, गेली भावाकडं. दिवसभर त्या दारासमोरून तिनं चार खेपा पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की दाराला बाहेरून कुलूप नाही.

"कडी आतून होती. दाराची फळी काढून आत गेले. दारापाशीच पडली होती, अप्पा. नवं लुगडं नेसून, पिशवीच्या बंदावर हात. मी तो हात धरला तर आपोआप सुटून आला. वास सुटला होता. म्हनून तेवढा ऊद जाळला, म्हनून तुमाला घाई केली." तिनं पदर डोळ्याला लावला. "मी हितं दहा पावलांवर, अन् ती एक दिस अन् एक रात तशीच. कोन्या तोंडानं सांगावं? तुमाला बरं वाटावं म्हनून मांडीवर डोकं होतं म्हनले. खरं सांगते, मलाबी बरं वाटावं म्हनूनच म्हनले."

नागप्पा मटकन खाली बसला. जिवंत नव्हती. आक्का जिवंत नव्हती. तीन वर्षांनी छातीत पुरता श्वास गेला. आनंदच झाला त्याला, दुसरा शब्द नाही. तो रडत होता आणि हसतही होता.

"तिच्या पिशवीत फोन होता," सरजाबाई हळू आवाजात म्हणाली. "तुमचा नंबर शोधायला उघडला. मला वाटलं, वाट बघून बघून तुमी पंचवीस येळा फोन केला असंल. एकबी न्हवता. तवा मला कळलं, तुमाला वाटलं ती माझ्याकडं हाय अन् मला वाटलं ती तुमच्याकडं. मग तर तोंडच उघडवंना."

नागप्पाचं हसू थांबलं. आमरस-पोळी आठवली, पालथं पडून घेतलेली झोप आठवली. आक्का नवं लुगडं नेसून दाराकडं निघाली होती ती त्याच्याकडेच, आणि त्या दिवसभरात तो तिला एक फोन करू शकला नव्हता. त्यानं तिला पुरून मारलं नव्हतं. फक्त विचारलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की आपण सरजाबाईच्या अंगणात मांडी घालून बसलो आहोत.

ज्येष्ठात पाथरीतले किशनराव गेले. मल्लेशनं निरोप ऐकला आणि बापाचे अंगठे गेलेत, असं सांगणार तोच नागप्पा पायात वहाणा सरकवून बाहेर पडला.

किशनराव वर्षभर अंथरुणाला खिळलेले होते. मुलगा भुजंग गंगाखेडला साखर कारखान्यात नोकरीला. घरी सून एकटीच सगळं करायची. अकरा वाजले होते. भुजंग नुकताच येऊन पोचला होता आणि बायकोला पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "आठ वाजता चहा घेतला, अन् मान टाकली."

नागप्पानं किशनरावांच्या जबड्याला हात लावला. मग मान, कोपर, गुडघा. शेवटी पायाचा अंगठा धरून बघितला. सगळीकडं लाकूड. तीन तासांत कुणी अंगठ्यापर्यंत असं ताठ होत नाही. किशनराव रात्रीच कधीतरी एकटे गेले होते. कूस बदलायला त्यानं त्यांना उचललं. वर्षभर पडून असलेला माणूस, पण पाठीवर एक फोड नव्हता, कातडी तेल लावून लावून चकचकीत. बाजेखाली चहाचा पेला होता, काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली.

सून दारात टॉवेल घेऊन उभी होती. तिनं नागप्पाची नजर पेल्यावर गेलेली बघितली आणि टॉवेलची घडी उलगडून पुन्हा घातली.

"अप्पा," भुजंग म्हणाला, "तुमच्या हाताला सगळं कळतंय म्हनतात. माझा बाप एकटाच तर न्हाई ना गेला?"

नागप्पानं भुजंगकडं पाठ करून, वाकून पेला उचलला, मोरीपाशी गेला आणि न्हाणीच्या पाण्यात चहा ओतून पेला विसळून पालथा घातला.

"न्हाई," तो म्हणाला. "आठलाच गेलेत. चहा पिऊन गेलेत सुनेच्या हातचा. आता गरम पानी आना, अन् तुमी सगळे भाईर थांबा."

एकटाच उरल्यावर त्यानं जांघेपासून चोळायला घेतलं. अंगठ्यांना जुनी वाट सापडायला वेळ लागला नाही. पहिला पाय वळायला पाऊण तास गेला, दुसऱ्याला त्याहून जास्त. मग पाठीमागून हात घालून त्यानं किशनरावांना उठवलं.

"बसा," तो म्हणाला. "निवांत बसा."

खोलीत काही आवाज झाला नाही. नागप्पानं तरी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यानंच हळूच घशातल्या घशात म्हटलं, "हूं."